होम घ्यावं की प्रो? विंडोजच्या दोन एडिशनमधला खरा फरक

नवा लॅपटॉप घेताना प्रोसेसर, रॅम, डिस्क यांची तुलना बहुतेक जण नीट करतात. माहितीच्या तक्त्यात शेवटी एक ओळ असते: विंडोज ११ होम, किंवा विंडोज ११ प्रो. तिथे मात्र निर्णय अंदाजाने होतो. प्रो महाग आहे, म्हणजे ते जास्त वेगाने चालत असेल, जास्त सुरक्षित असेल आणि होममध्ये काहीतरी महत्त्वाचं कापलेलं असेल, असं वाटणं साहजिक आहे. वेगाबद्दलची समजूत साफ चुकीची आहे. सुरक्षिततेबद्दलची थोडीफार खरी आहे. आणि जे कापलेलं आहे त्यावाचून तुमचं अडेल का, हे ठरवायचं तर ते नेमकं काय आहे हे आधी कळायला हवं.

विंडोज १० की ११ हा प्रश्न निराळा, तो पिढीचा आहे. होम की प्रो हा एकाच पिढीतला प्रश्न आहे आणि इथे बोलायचंय ते त्याबद्दल.

आतून दोन्ही एकच

होम आणि प्रो ही दोन वेगळी सॉफ्टवेअर नाहीत. कर्नल (विंडोजचा गाभा) एकच, ड्रायव्हर तेच, अपडेट तेच. मायक्रोसॉफ्टकडून डाउनलोड केलेल्या इन्स्टॉलेशनच्या फाइलमध्ये दोन्ही एडिशन असतात. कोणती बसणार ते प्रोडक्ट की, म्हणजे परवान्याचा कोड, ठरवते. म्हणूनच होमचं प्रो करायला विंडोज पुन्हा टाकावी लागत नाही. नवी प्रोडक्ट की दिली की बंद असलेल्या सोयी सुरू होतात, मशीन रीस्टार्ट होतं आणि तुमच्या फाइली होत्या तिथेच असतात.

याचा अर्थ असा, की त्याच मशीनवर गेम प्रोमध्ये जास्त फ्रेमने चालत नाही, व्हिडिओ लवकर रेंडर होत नाही आणि ब्राउझरही लवकर उघडत नाही. हार्डवेअरची मर्यादा दोन्हींना वेगवेगळी आहे खरी, पण ती सामान्य वापराच्या पार पलीकडची आहे. होमला १२८ जीबी रॅम चालते, प्रोला २ टीबी. होम एकच प्रोसेसर वापरतं, प्रो दोन. इथे प्रोसेसर म्हणजे मदरबोर्डवर बसवलेली अख्खी चिप; तिच्यातले कोर नव्हेत. आठ किंवा सोळा कोरची एक चिप असेल तर होम ते सगळे कोर वापरतं. दोन चिपांचे मदरबोर्ड सर्व्हरमध्ये आणि मोठ्या वर्कस्टेशनमध्ये असतात, लॅपटॉपमध्ये नाही.

मग तयार असलेली सोय मुद्दाम बंद करून विकायची कशाला? सॉफ्टवेअरची एक जादा प्रत काढायला खर्च जवळपास शून्य असतो, त्यामुळे किंमत खर्चावरून ठरत नाही. कोण किती द्यायला तयार आहे यावरून ठरते. कंपन्या जास्त देऊ शकतात, घरगुती ग्राहक कमी. पण एकच वस्तू दोन किमतींना विकली तर सगळे स्वस्तच घेतील. म्हणून स्वस्तातल्या वस्तूतून असं काहीतरी काढायचं, ज्यावाचून कंपनीचं अडेल आणि घरगुती ग्राहकाचं अडणार नाही. ही युक्ती कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीची आहे. फ्रेंच इंजिनिअर ज्यूल द्युपुई यांनी १८४९ मध्येच लिहून ठेवलं होतं, की रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसतं ते छपराचा खर्च वाचवण्यासाठी नव्हे. दुसऱ्या वर्गाचं भाडं ज्याला परवडतं त्याने तिसऱ्या वर्गात बसू नये यासाठी. १९९० मध्ये आयबीएमने एका लेझर प्रिंटरची स्वस्त आवृत्ती आणली. ती मूळ प्रिंटरच्या निम्म्या वेगाने छापायची, कारण तिच्यात वेग कमी करणारी व्यवस्था मुद्दाम घातली होती.

विंडोजच्या इतिहासातही छप्पर काढण्याचे प्रकार झाले आहेत. २००१ मध्ये एक्सपी आली तेव्हा होम आणि प्रोफेशनल अशी सरळ विभागणी होती. २००७ मध्ये व्हिस्टाच्या सहा एडिशन निघाल्या आणि ग्राहकांचा गोंधळ उडाला. व्हिस्टा स्टार्टरमध्ये एका वेळी तीनच प्रोग्रॅम उघडता येत. २००९ च्या विंडोज ७ स्टार्टरमध्ये डेस्कटॉपचं चित्रसुद्धा बदलता येत नसे. असं करण्यात ग्राहकाला टोचत राहील याखेरीज दुसरा हेतू मला दिसत नाही. त्या मानाने आजची विभागणी पुष्कळ न्याय्य आहे. होममधून जे काढलंय ते बहुतांशी कंपन्यांच्या कामाचं आहे. एका बाबतीत माझा आक्षेप आहे, तो पुढे येईलच.

प्रो कशाचे जादा पैसे घेतं

सगळ्यात मोठा फरक हा, की प्रो असलेलं मशीन एखाद्या संस्थेच्या ताब्यात देता येतं. कंपनीत शंभर कॉम्प्युटर असतील तर प्रत्येकावर वेगळं अकाउंट, वेगळा पासवर्ड आणि वेगळे नियम सांभाळणं अशक्य असतं. म्हणून एक मध्यवर्ती व्यवस्था असते. तिला डोमेन म्हणतात. तिचं क्लाउडमधलं रूप म्हणजे मायक्रोसॉफ्टचं एन्ट्रा आयडी. कर्मचारी कुठल्याही मशीनवर एकाच पासवर्डने लॉगइन करतो आणि आयटी विभाग एका जागी बसून सगळ्या मशीनना नियम लावतो: पेन ड्राइव्ह चालू द्यायचा की नाही, स्क्रीन किती मिनिटांनी लॉक व्हावी, कोणता प्रिंटर कुणाला दिसावा. होम या व्यवस्थेत सामील होऊ शकत नाही, आणि एक्सपीच्या काळापासून हे असंच आहे. तुम्ही नोकरी करत असाल आणि ऑफिस म्हणत असेल की तुमचा स्वतःचा लॅपटॉप डोमेनला जोडा, तर विचार करण्यासारखं काही उरत नाही, प्रोच लागेल. नुसता ऑफिसचा मेल बघायचा असेल, मीटिंगला बसायचं असेल, तर होमवर ते सगळं चालतं.

नियम लावण्याचं साधन, म्हणजे ग्रुप पॉलिसी एडिटर, प्रोमध्ये एकट्या वापरणाऱ्यालाही मिळतं. विंडोजच्या शेकडो लहानमोठ्या वागण्यांना तिथून वळण लावता येतं. ज्यांना मशीनची प्रत्येक कळ स्वतःच्या हातात हवी असते त्यांना हे फार उपयोगी पडतं.

आता एन्क्रिप्शन. याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण होम की प्रो यापेक्षाही इथे लोकांचं जास्त नुकसान होतं.

विंडोजला पासवर्ड आहे म्हणजे फाइली सुरक्षित आहेत असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. लॅपटॉप चोरीला गेला तर चोराला पासवर्डशी झटापट करावीच लागत नाही. तो डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडतो आणि सगळे फोटो, कागदपत्रं, ब्राउझरच्या फाइली उघड्या पडतात. डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तर हेच सगळं किल्लीशिवाय न वाचता येणाऱ्या आकड्यांच्या ढिगासारखं दिसतं. ती किल्ली मदरबोर्डवरच्या टीपीएम नावाच्या सुरक्षा चिपच्या पहाऱ्यात असते. मशीन नेहमीच्या स्थितीत सुरू झालं तरच चिप किल्ली मोकळी करते. विंडोज ११ टीपीएम २.० चा आग्रह धरते त्यामागे हे एक कारण आहे.

प्रोमध्ये या सोयीचं नाव बिटलॉकर. होममध्ये तिचीच साधी आवृत्ती असते, तिला डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. डिस्कवरची माहिती लपवण्याचं तंत्र दोन्हीकडे एकच आहे, त्यामुळे ‘होमची डिस्क उघडी असते’ असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही. फरक आहे तो तुम्हाला किती ठरवता येतं यात. होममध्ये फक्त चालू किंवा बंद एवढंच हातात असतं, आणि चालू व्हायचं तर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगइन करावं लागतं, कारण सुटकेची किल्ली, म्हणजे रिकव्हरी की, त्या अकाउंटमध्ये जमा होते. प्रोमध्ये कोणती डिस्क एन्क्रिप्ट करायची, किल्ली कुठे ठेवायची, मशीन सुरू होतानाच वेगळा पिन मागायचा का, हे तुम्ही ठरवता. पेन ड्राइव्ह आणि बाहेरची हार्ड डिस्कसुद्धा एन्क्रिप्ट करता येते. प्रोवर तसा तयार केलेला पेन ड्राइव्ह होमवर पासवर्ड देऊन उघडतो, पण होमवर तो तयार करता येत नाही.

माझा आक्षेप इथे आहे. आपली डिस्क आपल्या मर्जीने कुलूपबंद करणं ही प्रत्येकाची गरज आहे, कंपन्यांची एकट्याची नाही. होममध्ये बाहेरची डिस्क एन्क्रिप्ट करता यायला हवी होती. तोवर व्हेराक्रिप्ट हे मोफत सॉफ्टवेअर ती उणीव चांगली भरून काढतं.

आणि आता ती गोष्ट, जी कळकळीने सांगावीशी वाटते. २०२४ च्या उत्तरार्धात आलेल्या २४एच२ व्हर्जनपासून डिव्हाइस एन्क्रिप्शनसाठी लागणाऱ्या हार्डवेअरच्या अटी सैल झाल्या. त्यामुळे नव्याने सेट केलेल्या पुष्कळ मशीनवर, होम असो वा प्रो, डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. पुढे कधीतरी मदरबोर्ड बदलला, बायोसचा (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचा) अपडेट केला किंवा त्यातल्या सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सेटिंगला हात लागला, की निळी स्क्रीन येते आणि ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती नसेल तर फाइली गेल्या. मायक्रोसॉफ्टसुद्धा त्या काढून देऊ शकत नाही. मशीन पहिल्यांदा सुरू करताना दुसऱ्याच कुणाचं अकाउंट वापरलं गेलं असेल, तर किल्ली त्याच्या अकाउंटमध्ये पडून असते आणि तुम्ही तुमच्या अकाउंटमध्ये शोधत बसता. म्हणून हे वाचून झाल्यावर मायक्रोसॉफ्टच्या साइटवर आपल्या अकाउंटमध्ये जा, डिव्हाइसच्या यादीत आपलं मशीन आणि त्याची रिकव्हरी की दिसते का ते पाहा आणि ती कागदावर उतरवून मशीनपासून वेगळ्या जागी ठेवा.

दूरवरून काम, आणि मशीनच्या आत मशीन

रिमोट डेस्कटॉप म्हणजे एका मशीनवर बसून दुसरं मशीन चालवण्याची सोय. तिच्याबद्दलचा घोळ नेहमीचा आहे. होम असलेल्या मशीनवरून दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये शिरता येतं. होम असलेल्या मशीनमध्ये मात्र रिमोट डेस्कटॉपने बाहेरून शिरता येत नाही. म्हणजे प्रो लागतं ते ज्या मशीनवर पोचायचंय तिथे, हातातल्या मशीनवर नाही. घरचा मोठा कॉम्प्युटर चालू ठेवून प्रवासात लॅपटॉपवरून तो वापरायचा असेल, तर लॅपटॉपला होम पुरेल. आणि घरच्या कॉम्प्युटरवरही होमच असेल, तर क्रोम रिमोट डेस्कटॉप किंवा रस्टडेस्क यांनी काम भागतं. आईवडिलांच्या मशीनवर अधूनमधून काही दुरुस्त करून द्यायचं, एवढ्यासाठी विंडोजमधलंच क्विक असिस्ट आहे, ते होमवरही चालतं.

प्रोचा रिमोट डेस्कटॉप वापरलाच, तर त्याचा ३३८९ क्रमांकाचा पोर्ट (जोडणीचं दार) राउटरवरून थेट इंटरनेटला उघडू नका. असे उघडे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्रॅम अहोरात्र चालू असतात आणि रॅन्समवेअर (फाइली अडकवून खंडणी मागणारे प्रोग्रॅम) आत शिरण्याच्या ठरलेल्या वाटांपैकी ही एक आहे. मध्ये व्हीपीएन, म्हणजे खासगी सुरक्षित जोडणी, ठेवा.

प्रोमधली मला सर्वांत आवडणारी सोय म्हणजे विंडोज सँडबॉक्स. ती २०१९ मध्ये आली. एका खिडकीत कोरी करकरीत विंडोज उघडते, तिच्यात संशयास्पद वाटणारी फाइल किंवा अनोळखी प्रोग्रॅम चालवून बघायचा, आणि खिडकी बंद केली की आतलं सगळं पुसलं जातं. तिच्याच पायाशी असलेलं हायपर-व्ही हे व्हर्च्युअल मशीन, म्हणजे मशीनच्या आत दुसरं मशीन, चालवण्याचं साधनही प्रोमध्येच मिळतं. होमवर यासाठी व्हर्च्युअलबॉक्स मोफत आहे. सँडबॉक्सइतकं झटपट नसलं तरी काम होतं. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांना अनेकदा सांगितलं जातं की प्रो घ्या, नाहीतर लिनक्स आणि डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात चालवण्याचं साधन) चालणार नाही. ही माहिती जुनी झाली. विंडोजच्या आत लिनक्स चालवणारी डब्ल्यूएसएल २ ही व्यवस्था होमवरही आहे आणि डॉकर डेस्कटॉप तिच्या आधाराने होमवर चालतं.

अपडेटच्या बाबतीत प्रो थोडा जास्त मोकळेपणा देतं. होममध्ये अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवून ठेवता येतात. प्रोमध्ये नियम लावून वर्षातून एकदा येणारा मोठा अपडेट ३६५ दिवसांपर्यंत आणि दर महिन्याचा अपडेट ३० दिवसांपर्यंत मागे ढकलता येतो. अचानक काही बिघडलेलं ज्यांना चालतच नाही त्यांना हे मोलाचं आहे. पण प्रो घेतलं म्हणून मशीनचं आयुष्य वाढत नाही. विंडोज ११ च्या प्रत्येक व्हर्जनला होम आणि प्रो दोन्हींवर २४ महिनेच आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, मिळतो. विंडोज १० चा नेहमीचा आधारही दोन्हींसाठी एकाच दिवशी संपला, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी.

एकच ॲप दाखवणारं, बाकी सगळं बंद असलेलं मशीन दुकानात किंवा ग्रंथालयात ठेवायचं असेल तर प्रो लागतं. बाकी डिफेंडर अँटीव्हायरस, फायरवॉल, चेहऱ्याने किंवा बोटाच्या ठशाने लॉगइन, मुलांच्या वापरावर मर्यादा घालण्याची सोय, गेमसाठीचं डायरेक्टएक्स हे सगळं दोन्हीकडे तंतोतंत सारखं आहे. व्हायरस प्रोमध्ये कमी येतात असं काही नाही.

नावापुढची बाकी अक्षरं

कधी कधी होम किंवा प्रोच्या पुढे आणखी काही लिहिलेलं असतं. एस मोड असेल तर फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलीच ॲप बसतात. त्यातून बाहेर पडायला पैसे लागत नाहीत, मात्र परत आत जाता येत नाही. एन हे अक्षर असेल तर ती युरोपसाठीची एडिशन. युरोपीय आयोगाच्या २००४ च्या निर्णयानंतर तिच्यातून मीडिया प्लेअर वगळावा लागला; तो आणि त्याच्याशी जोडलेल्या काही मीडिया सोयी सोडल्या तर बाकी ती तशीच आहे. एंटरप्राइझ आणि एज्युकेशन या एडिशन संस्थांसाठी असतात. तुमच्या मशीनवर यांपैकी काय आहे ते सेटिंग्जमध्ये सिस्टम आणि त्यात अबाउट उघडलं की दिसतं.

विंडोजच्या बाहेर हा प्रश्न फारसा उरत नाही. मॅकओएसची एकच एडिशन असते. उबंटूमध्ये इन्स्टॉल करताना मोजकी ॲप हवीत की जास्त, असं विचारतात, पण ती निवड नुसती सोबत येणाऱ्या ॲपची आहे. राहिलेलं काहीही नंतर मोफत बसवता येतं.

मग काय घ्यावं

माझं मत स्पष्ट आहे. वर आलेल्या सोयींपैकी एखादीचं नाव घेऊन ‘मला ही या कामासाठी हवी’ असं सांगता येत असेल तर प्रो घ्या. सांगता येत नसेल तर होम घ्या आणि वाचलेले पैसे जास्त रॅममध्ये किंवा मोठ्या एसएसडीत घाला. मशीनचा वेग त्यानेच वाढेल. विद्यार्थी, लेखन करणारे, गेम खेळणारे, फोटो-व्हिडिओचं काम करणारे, या सगळ्यांना होम पुरतं. दुसऱ्यांची गोपनीय माहिती सांभाळणाऱ्या वकिलाला, डॉक्टरला किंवा हिशेबनीसाला मात्र मी प्रो सुचवेन, एकट्याचाच व्यवसाय असला तरी. बाहेरच्या डिस्क एन्क्रिप्ट करणं आणि सुरू होतानाचा पिन या दोन गोष्टी त्यांच्या अशिलांचं आणि रुग्णांचं रक्षण करतात. पाच-सहा जणांचं छोटं ऑफिस असेल तर पुढे सगळी मशीन एका व्यवस्थेखाली आणावी लागतील का, हे आधी ठरवा. शक्यता असेल तर सुरुवातीपासून प्रो घेणं सोयीचं पडतं.

नक्की ठरत नसेल तरी होमपासून सुरुवात करण्यात धोका नाही, कारण वर जाण्याची वाट नेहमी उघडी असते. सेटिंग्ज, सिस्टम, ॲक्टिव्हेशन या पानावरून स्टोअरमधून अपग्रेड घेता येतं किंवा प्रोची प्रोडक्ट की टाकता येते. उलट वाट सोपी नाही. प्रोवरून होमवर यायचं तर विंडोज कोरी बसवावी लागते.

प्रोडक्ट की घेताना किमतीकडे नीट बघा. अगदी कवडीमोलाने मिळणाऱ्या अनेक प्रोडक्ट की एखाद्या संस्थेच्या घाऊक परवान्यातून बाहेर पडलेल्या असतात. आज चालतात आणि उद्या बंद केल्या जाऊ शकतात. मशीनसोबत आलेला परवाना त्या मशीनलाच बांधलेला असतो. सुटा घेतलेला परवाना जुन्या मशीनवरून काढून नव्यावर नेता येतो.

लॅपटॉप होमसह आला असेल तर होमची प्रोडक्ट की त्याच्या फर्मवेअरमध्येच (मदरबोर्डवरच्या कायमच्या सॉफ्टवेअरमध्ये) कोरलेली असते. पुढे अपग्रेड करून प्रो वापरत असाल आणि काही कारणाने विंडोज नव्याने टाकावी लागली, तर इन्स्टॉलर ती की वाचून न विचारता होम बसवू शकतो. प्रो गेलं असं समजून घाबरू नका आणि दुसरा परवानाही विकत घेऊ नका. ॲक्टिव्हेशनच्या त्याच पानावर जाऊन प्रोची प्रोडक्ट की पुन्हा द्या. स्टोअरमधून अपग्रेड घेतलं असेल तर ते ज्या अकाउंटवरून घेतलं त्याच अकाउंटने लॉगइन करावं लागेल, म्हणून त्या अकाउंटचं नाव रिकव्हरी की लिहिलेल्या कागदावरच लिहून ठेवा.